खड्डा की ओटा? साखळीगाण्याचे घरोघरचे पाठ कसे गोळा करावेत आणि ताडून पाहावेत

भोंडल्याच्या फेरात ‘अक्कण माती चिक्कण माती’ सुरू झालं की पहिली ओळ सगळ्या एका सुरात म्हणतात. दुसऱ्या ओळीला फूट पडते. निम्म्या जणी ‘खड्डा तो खणावा’ म्हणतात, निम्म्या ‘ओटा तो घालावा’. आपलंच बरोबर याची दोन्हीकडे पक्की खात्री असते, कारण दोघींनीही ते लहानपणी आईच्या नाहीतर आत्याच्या तोंडून ऐकलेलं असतं. मग कुणीतरी मोबाइल काढते, पहिला सापडेल तो पाठ मोठ्यानं वाचते आणि वाद मिटतो. मला हे फार लागतं. वाद मिटतो खरा, पण एका घराचं गाणं तिथल्या तिथे गळून पडतं, आणि ते म्हणणारी बाई पुढच्या वर्षी छापील पाठच म्हणू लागते.

तोंडातोंडी चालत आलेल्या गाण्याला एकच खरा पाठ नसतो. ते जितक्या घरांत म्हटलं गेलं तितके त्याचे पाठ आहेत आणि प्रत्येक आपापल्या घरी खरा आहे. म्हणून ‘मूळ’ गाणं शोधायच्या मागे न लागता आहेत ते पाठ आधी नीट उतरवून घ्यावेत आणि मग शेजारी शेजारी मांडून पाहावेत. हे काम घरच्या घरी, एक मोबाइल आणि एका वहीवर होतं. कसं करायचं ते पुढे दिलं आहे.

कुठलं गाणं घ्यावं

एका वेळी एकच गाणं घ्या, आणि शक्यतो साखळीचं घ्या. साखळीच्या गाण्यात एक गोष्ट दुसरीला जोडलेली असते, त्यामुळे कुठे काय बदललं ते लगेच दिसतं. भोंडल्यात अशी गाणी तीन तऱ्हांची सापडतात. ‘अक्कण माती’ ही सरळ साखळी आहे: एका ओळीत जी वस्तू आली, तिच्यापासून पुढची ओळ सुरू होते. ‘एक लिंबू झेलू बाई, दोन लिंबं झेलू’ हे आधी मोजणीचं आणि मग साखळीचं. ‘कारल्याचा वेल लाव गं सुने’ हे अटींचं: सून माहेरी जायला निघते आणि सासू दरवेळी आणखी एक काम पुढे करते.

तिन्हींत फरक पडतो, पण वेगवेगळ्या जागी. कारल्याच्या गाण्यात अटी हव्या तितक्या लांबवता येतात. वेल लावला, कारलं आलं, भाजी केली, खाल्ली, उष्टं-खरकटं काढलं, असं कुठे थोडक्यात आटपतं, तर कुठे पाणी घालणं, फूल येणं, कारली तोडणं, चिरणं हे सगळं सावकाश येतं. तिथे एखादी अट कमी-जास्त असली तर तो विसर धरू नये, गाण्याची घडणच तशी ताणता येणारी आहे. लिंबाच्या गाण्यात मोजणी सगळीकडे जवळपास सारखी असते आणि खरी गंमत मोजणी संपल्यावर, हनुमंताची निळी घोडी निघाली की सुरू होते. नवख्या माणसानं ‘अक्कण माती’पासून सुरुवात करावी. दहा ओळींचं गाणं आहे आणि त्याच्या कड्या स्पष्ट मोजता येतात.

पुढचं सगळं कळायला सोपं जावं म्हणून आमच्या घरचा पाठ देते. तो बरोबर आहे म्हणून नव्हे, काहीतरी समोर हवं म्हणून:

अक्कण माती चिक्कण माती, अश्शी माती सुरेख बाई, ओटा तो घालावा
अस्सा ओटा सुरेख बाई, जातं ते मांडावं
अस्सं जातं सुरेख बाई, सोजी ती दळावी
अश्शी सोजी सुरेख बाई, करंज्या कराव्या
अश्शा करंज्या सुरेख बाई, तबकी भराव्या
अस्सं तबक सुरेख बाई, शेल्यानं झाकावं
अस्सा शेला सुरेख बाई, पालखीत ठेवावा
अश्शी पालखी सुरेख बाई, माहेरी धाडावी
अस्सं माहेर सुरेख बाई, खेळाया मिळतं
अस्सं सासर द्वाड बाई, कोंडू कोंडू मारतं

पायरी पहिली: आधी स्वतःचं लिहा

कुणालाही विचारण्याआधी, काहीही न वाचता, स्वतःला जसं येतं तसं गाणं कागदावर उतरवा. अडलात तर जागा मोकळी सोडा. खाली तारीख घाला, गाणं कुणाकडून आणि कुठल्या गावी शिकलात ते लिहा, आणि कागद मिटून ठेवून द्या. ही पायरी गाळू नका. दुसऱ्या कुणाचा पाठ कानावर पडला की आपली आठवण नकळत त्याच्या बाजूला सरकते, आणि मग ‘मी आधीपासून असंच म्हणत होते’ असं मनापासून वाटायला लागतं.

ज्यांना विचारणार आहात त्यांनाही हाच नियम. ‘तुम्हाला अक्कण माती येतं का हो, त्यात ओटा आहे की खड्डा?’ असं विचारलंत की काम बिघडलं. समोरची व्यक्ती त्या दोनांतलं एक निवडणार, आणि तिच्या मनात कदाचित तिसरंच काही असेल ते कायमचं बुजणार. नुसतं ‘तुमच्या लहानपणी अक्कण माती कसं म्हणायचे?’ एवढंच विचारा.

पायरी दुसरी: कुणाला गाठायचं

आई, मावशी, आत्या, सासूबाई, आजेसासूबाई हे ओघानं आलंच. त्यात थोडा विचार करून निवड केलीत तर फळ जास्त मिळतं.

सख्ख्या बहिणींना वेगवेगळं बसवून म्हणायला लावा. एका आईच्या हाताखाली वाढलेल्या दोघी साठ वर्षांनी दोन गाणी म्हणतात, कारण एक लग्न होऊन सांगलीकडे गेली आणि दुसरी नागपूरला. भाऊही सोडू नका. मुलगे फेरात नसले तरी खिरापतीच्या आशेनं कडेला बसलेले असत, आणि त्यांच्या कानात राहिलेलं गाणं पुढे कधी म्हटलंच न गेल्यामुळे पुष्कळदा जसंच्या तसं टिकलेलं असतं.

लग्न होऊन दुसऱ्या मुलखात गेलेल्या बाईकडे बहुधा दोन पाठ असतात, एक माहेरचा, एक सासरचा. तिला दोन्ही विचारा, आधी माहेरचा. तिनं सरमिसळ केली तर ‘हे कुठलं?’ असं मध्येच विचारू नका, गाणं पूर्ण झाल्यावर विचारा.

मुलखाप्रमाणे खेळाचं नावही बदलतं, तेव्हा समोरच्या घरात जो शब्द आहे तोच वापरा. पुण्याकडे आणि कोकणात भोंडला, कोल्हापूर-सातारा भागात हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. हादग्याचा संबंध हस्त नक्षत्राशी. सूर्य सप्टेंबरच्या शेवटी हस्तात जातो तेव्हा पाटावर हत्ती काढून फेर धरायचा, आणि जुन्या रीतीत तो सोळा दिवस चाले. भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि आश्विनातल्या कोजागरीला उठते. ज्या घरी भुलाबाई बसते तिथल्या आजीला ‘भोंडल्याची गाणी म्हणा’ म्हटलंत तर ती ‘मला नाही येत’ म्हणून मोकळी होईल, आणि येत असतील वीस.

पायरी तिसरी: म्हणवून घ्यायचं, सांगवून नव्हे

‘गाणं सांगा’ म्हटलं की बाई ते गद्यासारखं सांगते, आणि सांगताना ओळी गळतात. ‘म्हणा’ म्हणावं. शक्य असेल तर उभं राहून, हात धरून, दोन-चार पावलं फेर धरून म्हणावं. गुडघे दुखत असतील तर बसल्या बसल्या टाळी द्यावी. पाय किंवा हात चालू लागले की पुढची ओळ आपण होऊन तोंडात येते. अंथरुणाला खिळलेल्या आजीसुद्धा उशाशी कुणी टाळीचा ठेका धरला की म्हणू लागतात.

ध्वनिमुद्रणासाठी मोबाइलमधला साधा रेकॉर्डर पुरतो. पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका म्हणजे मध्येच कॉल येणार नाही, आणि तो उघड्या टेबलावर न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. नाहीतर प्रत्येक टाळीचा दणका टेबलातून रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. सुरुवातीला तारीख, गाव, म्हणणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि गाणं कुठे शिकलं हे बोलून घ्या. त्याच वेळी परवानगीही विचारा आणि उत्तर मुद्रित होऊ द्या: घरात ऐकवलं तर चालेल का, बाहेर कुणाला दिलं तर चालेल का. गाणं म्हणायला हौसेनं तयार होणाऱ्या पुष्कळ जणींना आपला आवाज इंटरनेटवर गेलेला आवडत नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

परगावी असलेल्या व्यक्तीचं गाणं फोनवर ऐकून उतरवू नका, शब्द तुटतात. तिच्या सुनेला किंवा नातवाला त्यांच्याच फोनवर रेकॉर्ड करायला सांगा आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आवाज दाबला जात नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. अडल्यावर शब्द पुरवू नका, गप्प राहा. जितका वेळ आपल्याला लांब वाटतो तितका समोरच्याला वाटत नसतो. अगदीच थांबलं तर एक युक्ती आहे, आणि ती या गाण्यातच दडलेली आहे.

गाण्याची कडी कशी बसते, आणि अडलेल्याला सोडवायचं कसं

नीट पाहा: माती स्त्रीलिंगी, म्हणून ‘अश्शी माती’. ओटा पुल्लिंगी, म्हणून ‘अस्सा ओटा’. जातं नपुंसकलिंगी, म्हणून ‘अस्सं जातं’. करंज्या अनेक, म्हणून ‘अश्शा’. एवढंच नाही, मागच्या ओळीच्या शेवटीही तेच लिंग उमटलेलं असतं: ओटा तो घालावा, जातं ते मांडावं, सोजी ती दळावी. म्हणजे प्रत्येक वस्तू दोन टोकांनी अडकवलेली आहे. एकीकडे क्रियापदाचा शेवट, दुसरीकडे अस्सा-अश्शी-अस्सं.

म्हणून अडलेल्या माणसाला वस्तूचं नाव सुचवायचं नाही, फक्त विचारायचं, ‘पुढे अस्सा होतं का अश्शी?’ गाणं विसरलेली माणसं याचं उत्तर बहुधा चटकन देतात. नाव आठवत नसतं पण ‘अस्सा... अस्सा...’ जिभेवर असतं. तबकानंतर ‘अस्सा’ आलं की काहीतरी पुल्लिंगी झाकण हवं, आणि थोड्या वेळानं शेला आपण होऊन येतो. कदाचित शेला येणारही नाही, वेगळंच काही येईल. ते आलं तर सोन्याहून पिवळं, कारण ते त्या घरचं आहे.

दुसरी खूण मात्रांची. ‘अशी’ म्हटलं तर तीन मात्रा होतात, ‘अश्शी’ म्हटलं की चार. अश्शी, माती, सुरेख, बाई: चार-चार मात्रांचे चार घास, प्रत्येकाला एक टाळी. तो श दुप्पट झालेला आहे तो ठेक्यासाठी. त्यामुळे दुसऱ्या जागी चार मात्रांचा शब्द आला तर तो अलगद बसतो. समजा एखाद्या घरात शेल्याच्या जागी रुमाल आला: तोही पुल्लिंगी, तोही चार मात्रांचा, त्यामुळे गाणं कुठेही अडखळत नाही आणि बदल झाला हे कुणाला कळतही नाही. सोजीच्या जागी सपीट म्हणणारी घरं आहेत. मात्रा तेवढ्याच राहतात, पण लिंग बदलतं, म्हणून ‘सोजी ती दळावी’चं ‘सपीट ते दळावं’ होतं आणि ‘अश्शी’चं ‘अस्सं’. बदल एका शब्दाचा वाटतो, प्रत्यक्षात तो चार जागी पोचलेला असतो. पिठी म्हणणाऱ्यांना मात्र एक मात्रा कमी पडते, मग त्या ‘पिऽठी’ असं किंचित लांबवतात. रेकॉर्डिंग ऐकताना असं लांबवणं कानाला जाणवलं की तिथे खूण करून ठेवा. तिथे कधीकाळी दुसरा शब्द असू शकेल.

पायरी चौथी: उतरवून काढणं

जसं म्हटलं तसंच लिहा. ‘मारितं’ म्हटलं असेल तर ‘मारतं’ करू नका, ‘घालावा व्हं’ असा सूर असेल तर ‘व्हं’ गाळू नका. ‘ओटा जो घालावा’ आणि ‘ओटा तो घालावा’ हे दोन्ही ऐकू येतात. जो-तो हा क्षुल्लक फरक वाटेल, पण त्यावरून दोन घरांचं नातं पुष्कळदा कळतं. न कळलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह घाला आणि जसं ऐकू आलं तसे ध्वनी लिहा.

लिंबाच्या गाण्यात याची फार गरज पडते. ‘पाच लिंबांचा पाणवठा’ कुणी ‘पानोठा’ म्हणतं, कुणी ‘पाणोठा’. त्यापुढे यमुनेच्या बारीक वाळूत खेळणारा ‘चिल्लार बाळ’ येतो, त्याचाही उच्चार घरोघर वेगळा. म्हणणाऱ्या बाईला अर्थ विचारला तर ती हसते आणि ‘असंच आहे ते’ म्हणते. तेवढंच लिहा. आपल्या मनानं अर्थ लावून शब्द दुरुस्त केलात तर पुढे कुणालाही खरा उच्चार सापडणार नाही.

थोड्या दिवसांनी त्याच व्यक्तीकडून तेच गाणं पुन्हा म्हणवून घ्या. दुसऱ्यांदा काही बदललं तर पहिलं खोडू नका, दोन्ही ठेवा. एकाच बाईच्या तोंडी ‘तबकी भराव्या’ आणि ‘तबकी ठेवाव्या’ दोन्ही असू शकतं, आणि ते तसं असतंच.

पायरी पाचवी: तक्ता

आता वहीचं पान आडवं धरा. डावीकडे कड्या लिहा: माती, मग काय, मग काय. वरती प्रत्येक म्हणणाऱ्याला एक रकाना, त्यात नावाखाली गाव आणि गाणं शिकल्याचा साधारण काळ. आमच्या वहीतल्या दोन ओळी अशा दिसतात:

कडी दुसरी: आई – ओटा तो घालावा. सासूबाई – खड्डा तो खणावा. शेजारच्या काकू – मोकळं सोडलं, थेट जात्यावर आल्या.
कडी तिसरी: आई – जातं ते मांडावं. सासूबाई – जातं ते रोवावं. काकू – जातं ते मांडावं.

एवढ्यावरून एक गोष्ट लगेच दिसते. ज्या खड्डा खणतात त्या जातं रोवतात, ज्या ओटा घालतात त्या मांडतात. क्रियापद वस्तूच्या मागोमाग गेलेलं आहे. आणि काकूंनी दुसरी कडी गाळली असली तरी ‘मांडावं’ त्यांच्याकडे शिल्लक आहे, म्हणजे त्यांच्या गाण्यातही बहुधा ओटाच होता. हे काकूंना सांगायचं नाही. तक्त्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहायचं, आणि त्यांच्या रकान्यात जागा मोकळीच ठेवायची.

छापील पाठ मिळाला तर त्यालाही एक रकाना द्या, शेवटचा. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीनं सरोजिनी बाबर यांच्या पुढाकारानं बायकांची गाणी गावोगावहून गोळा करून छापली. ते काम फार मोठं आहे. पण छापलेलं गाणंसुद्धा कुणा एका बाईनं एका दिवशी म्हटलेलं असतं. त्याला रकाना मिळेल, न्यायाधीशाची खुर्ची नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव-गाव जपलं गेलं. घरच्या वहीतही हाच शिरस्ता असावा: नाव-गाव नसलेली ओळ तक्त्यात घ्यायची नाही.

पायरी सहावी: फरक कुठल्या जातीचा आहे

सगळे फरक सारख्या वजनाचे नसतात. उच्चाराचे फरक, म्हणजे माहेरी-माहेरा, मारतं-मारितं, यांवर फार वेळ घालवू नका. नोंद झाली की पुढे चला.

वस्तू बदललेली असेल तर तीन प्रश्न विचारा. व्याकरण दोन्ही टोकांना जुळतं का? ठेका बसतो का? आणि घरातल्या कामाच्या दृष्टीनं ते खरं आहे का? तिसऱ्या प्रश्नासाठी जातं वापरलेल्या बाईकडेच जावं लागतं. जात्याची खालची तळी हलू नये म्हणून ती जमिनीत पक्की बसवतात आणि भोवती मातीनं लिंपतात, तेव्हा खड्डा आणि रोवणं दोन्ही रास्त. ओट्यावर जातं मांडणंही तितकंच रास्त. म्हणून इथे निवाडा होत नाही, आणि व्हायचं कारणही नाही.

‘सोजी’ हा शब्द मात्र पाहण्यासारखा आहे. गहू ओलवून, दळून, चाळून काढलेला बारीक रवा म्हणजे सोजी, करंजीच्या पारीला ती लागते. आज पुष्कळ घरांत हा शब्दच उरलेला नाही, म्हणून मुली तिथे रवा किंवा पीठ म्हणून मोकळ्या होतात. अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द येणं हा आठवणीचा स्वभावच आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक गोष्ट वाचायला देऊन नंतर आठवून लिहायला सांगितली होती, तेव्हा त्यातली तिकडची लांबट होडी त्यांच्या लिखाणात साधी बोट झाली. तेव्हा एकाच कडीत एक अवघड शब्द आणि एक सोपा शब्द समोर आला, तर अवघड शब्द सहसा जुना असतो. सहसा, नेहमी नव्हे.

ही कसोटी शेल्याच्या कडीला लावून पाहा. करंज्यांचं तबक शेल्यानं झाकलं, मग पालखीत काय जायला हवं? तबक. पण गाणं म्हणतं, ‘अस्सा शेला सुरेख बाई, पालखीत ठेवावा’, कारण साखळीचा नियम असा की शेवटी नाव घेतलेल्या वस्तूपासूनच पुढची ओळ निघते. समजुतीला हे खटकतं, म्हणून एखादी चौकस मुलगी ‘अस्सं तबक पालखीत ठेवावं’ अशी दुरुस्ती करते, आणि तिच्या मुली पुढे तेच म्हणतात. जास्त तर्कशुद्ध पाठ दिसला की तोच जुना असेल असं धरू नका. बहुतेक वेळा तो नंतर कुणीतरी डोकं लावून नीट केलेला असतो.

कडी गळली किंवा वाढली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंची लिंगं तपासा. कडी गळून सांधा नीट जुळलेला असेल तर ते घर बऱ्याच काळापासून तसं म्हणत असावं. न जुळलेला असेल, म्हणजे ‘सोजी ती दळावी’च्या पुढे एकदम ‘अस्सं तबक’ आलं, तर तो विसर अलीकडचा आहे, आणि पुन्हा विचारलं तर कडी परत मिळण्याची आशा आहे.

शेवटच्या दोन ओळी

इथे सगळ्यात जास्त फरक सापडतील आणि इथेच घरात आवाज चढतील. माहेरी ‘खेळाया मिळतं’ की ‘खायाला मिळतं’, हा भाग सोपा. अवघड आहे तो ‘अस्सं सासर द्वाड बाई’. काही जणी ही ओळ म्हणतच नाहीत, माहेरावरच थांबतात. काही घरांत आता सासरही ‘सुरेख’ केलं जातं. आपल्या सहा वर्षांच्या मुलीला ‘कोंडू कोंडू मारतं’ शिकवावं का, हा प्रश्न आजच्या आयांना पडतो आणि तो अगदी खरा आहे.

माझं मत स्पष्ट आहे. उतरवताना ही ओळ गाळायची नाही आणि गोडही करायची नाही. लहान वयात लग्न झालेल्या मुली वर्षाकाठी थोडे दिवस माहेरी येत, आणि जे सासरी बोलता येत नव्हतं ते या फेरात, खेळाच्या आडून, मोठ्यानं म्हणून घेत. कारल्याच्या वेलाची सासू आणि इथलं द्वाड सासर एकाच ठिकाणाहून आलेलं आहे. ती ओळ पुसली तर त्या बाईचं बोलणंच आपण पुसतो. शिकवताना काय म्हणायचं ते प्रत्येक घरानं ठरवावं. बदल केलात तर वहीत लिहा: या सालापासून, अमक्या कारणानं, आम्ही असं म्हणतो. मूक बदल मात्र नको.

म्हणणाऱ्या आजीनं ही ओळ म्हटली आणि ती गप्प झाली, तर रेकॉर्डिंग थांबवा. गाण्याचं काम तेवढ्यापुरतं बाजूला ठेवा आणि तिचं ऐका. ते वहीत जायचं की नाही हे तिला विचारल्याशिवाय ठरवू नका.

पायरी सातवी: म्हणायचा पाठ

फेर धरायला एक पाठ तर हवा. तो निवडताना सगळ्यांतलं उत्तम वेचून नवा पाठ जोडू नका. आईचा ओटा, सासूबाईंचं रोवणं, पुस्तकातला शेवट असं एकत्र केलं की जे तयार होतं ते कुणाच्याच घरचं नसतं. एका व्यक्तीचा पाठ पूर्ण घ्या, जिथे ती अडते तिथेच फक्त दुसऱ्या पाठाचा आधार घ्या, आणि ती ओळ कुणाची ते समासात लिहा. पहिल्या दिवशी आईचा पाठ, दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा, असं नवरात्रभर आळीपाळीनं म्हणणं मला सगळ्यात आवडतं. मुलांना दोन्ही सहज येतात, आणि ‘आज कुणाचं गाणं?’ हा प्रश्न खिरापत ओळखण्याइतकाच रंगतो.

जपणूक

कागदी तक्ता आणि ध्वनिफायली वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि दोन्हींची एक प्रत घराबाहेर, बहिणीकडे किंवा भावाकडे. फाइलच्या नावात गाणं, गाव आणि तारीख देवनागरीत लिहा, उदाहरणार्थ ‘अक्कणमाती – कराड – ५ ऑक्टोबर २०२४’. ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ असल्या नावाची फाइल वर्षभरानं कुणालाच ओळखू येत नाही. ज्यांनी ज्यांनी गाणं म्हटलं त्यांना तक्त्याची प्रत द्या. पुष्कळ जणी तो पाहून ‘अगं, हे तर आम्हीही म्हणायचो’ म्हणून आणखी एखादी ओळ देतात. ती मूळ रकान्यात मिसळू नका, कारण ती आता दुसऱ्यांचे पाठ वाचून आलेली आहे. तिच्यासाठी खाली वेगळी ओळ आखा आणि नवी तारीख घाला.

दरवर्षी घटस्थापनेच्या सुमारास वही काढा आणि घरातल्या मुलींकडूनही गाणं म्हणवून घ्या, त्यांना न सुधारता. त्यांच्या तोंडी शेल्याचा टॉवेल झाला असेल किंवा तबकाचं ताट, तर तो वेगळा रकाना आहे. नाव, गाव, वय, तारीख लिहा, आणि कुणाकडून शिकली ते तिला विचारून घ्या.